पन्नासावं नाव

तार आली तेव्हा माझ्या कानात नळ्या होत्या. बाजाराच्या दिवशी ढाणकीच्या दवाखान्यात रांग पार रस्त्यापर्यंत जाते. समोर एक म्हातारे गृहस्थ उघड्या अंगानं बसले होते आणि मी त्यांची छाती ऐकत होतो. कंपाउंडर शेखभाईंनी म्हणे दोनदा हाक मारली, मला ऐकू आली नाही. शेवटी त्यांनी खांद्याला हात लावला, तेव्हा मी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. एकदा नळी टेकवली की ऐकणं पुरं झाल्याशिवाय उचलायची नाही, मग दारात साक्षात कलेक्टर का उभा असेना, ही माझी काही वर्षांपासूनची रीत आहे. लोक कौतुकानं सांगतात, डॉक्टर फार मन लावून तपासतात. त्यांना काय ठाऊक! म्हाताऱ्याचं हृदय चांगलं होतं. तसं कागदावर लिहिलं आणि मग तार उघडली. वणीहून भाऊजींनी केलेली. ताई गेली होती.

आमचा जिल्हा लांबलचक. ढाणकी त्याच्या एका टोकाला आणि वणी दुसऱ्या. उमरखेड, पुसद, यवतमाळ अशा गाड्या बदलत मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. अंगणात तिच्या शाळेतल्या मुली ओळीनं बसल्या होत्या आणि रडावं की नाही हे न कळून एकमेकींकडे बघत होत्या. त्यानंतर पत्रांचा ढीग आला. बहुतेकांनी एकच लिहिलं आहे : ‘तुम्ही स्वतः डॉक्टर, बहिणीसाठी होतं नव्हतं ते सगळं केलंत.’ हे वाक्य वाचून आता मला चीड येते. या रविवार पुरवणीच्या संपादकांनी ‘बाईंच्या आठवणी’ मागितल्या, कारण वणीतल्या निम्म्या लेकीबाळींना तिनं बाराखडी शिकवली. तिचे गुण त्या मुलींनी लिहावेत, त्या माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला फक्त एक गोष्ट लिहायची आहे. विद्यार्थी असताना मी ताईला न तपासता ‘निरोगी’ असं लिहून दिलं होतं. ती निरोगी नव्हती.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ताई तेराची. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर असत, हंगामात त्यांचं तोंडही दिसत नसे. मला न्हाऊमाखू घालणं, पाढे घोकून घेणं आणि प्रसंगी लाटण्यानं झोडणं ही सगळी खाती ताईकडे होती. आई गेल्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला. आधी गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटं. दीड महिना ती अंथरुणात होती आणि तिथून मला भात कसा उतरवायचा ते ओरडून सांगत होती. ताप गेला, सूज गेली, आणि घरातले सगळे ते दुखणं विसरले. पुढे ती मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट आणि भलती गप्पिष्ट. घरापासून शाळा दहा मिनिटांवर, पण तिला अर्धा तास लागे, कारण वाटेत चार दारांशी थांबून ती चार जणींची चौकशी करी. ‘ताई निघाली की गावाची जनगणना करूनच शाळेत पोचते,’ असं मी चिडवायचो. ती हसायची आणि दाराच्या चौकटीला टेकून पुढची चौकशी सुरू करायची.

मला मेडिकलला घालायचं तिनंच ठरवलं. छप्पन साली मी नागपूरला गेलो आणि चौथ्या वर्षी आमच्या तुकडीची पाळी हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात लागली. त्या काळी या वॉर्डाचा मोठा दबदबा. हृदयाला सुरी लावता येते हेच मुळी लोकांना पटत नसे. तिथले सर उंच, सावकाश बोलणारे, आवाज कधी न चढवणारे होते, म्हणून त्यांची जास्तच भीती वाटायची. पहिल्याच दिवशी आम्ही सगळे नव्या कोऱ्या नळ्या गळ्यात घालून रुग्णांकडे धावलो, तर त्यांनी दारातच अडवलं. म्हणाले, “निरोगी हृदय कसं वाजतं हे ज्याच्या कानाला माहीत नाही, त्याला आजारी हृदय काय कळणार? दिवाळीला घरी जाताय ना? पन्नास धडधाकट माणसं ऐका. नाव, वय, नाडी, आवाज. सुट्टीवरून आलात की वही माझ्या टेबलावर. आणि त्यात दहा तरी बायका हव्यात.”

वणीत त्या दिवाळीला माझ्या वहीनं धमाल उडवली. पुरुष आणि पोरं पहिल्या तीन दिवसांतच संपली. सायकल दुरुस्तीवाले रहीमचाचा सदरा वर करून म्हणाले, “देख ले डाक्टर, अंदर पंचर तो नहीं?” आणि ऐकून झाल्यावर, ठीक आहे म्हटल्यावर, दुकानातल्या सगळ्यांना घेऊन आले. चाळीस नावं झाली आणि गाडी अडली. बायका काही तयार होईनात. शेजारच्या पोराला लहानपणी नागडं पाहिलेलं असलं तरी तो नळी घेऊन छातीशी येणार म्हटल्यावर माजघरातून एक बाहेर येईल तर शपथ! यावर तोड ताईनंच काढली. तिनं माजघराच्या दारात चादर बांधली. मी अलीकडे पाटावर बसायचं, कानात नळ्या घालून. नळीचं दुसरं टोक चादरीखालून पलीकडे. तिथं ताई एकेकीच्या पदराखाली हात घालून, मी शिकवलं होतं तिथं, डाव्या बाजूला, ते टोक धरायची. “काकू, श्वास रोका… आता सोडा… आता हसू नका वो, त्याले काई आयकू येणार नाई!” अशा नऊ बायका मी तिच्या हातानं ऐकल्या. नऊही ठणठणीत. नववी उठून गेली आणि एकोणपन्नास झाले.

चादरीपलीकडे आता ताई एकटीच होती. टोक तिच्याच हातात होतं. मी म्हणालो, “ताई, आता तू.” तेवढ्यात स्वयंपाकघरातून तेल तापल्याचा वास आला आणि ती उठली. “माह्यं काय आयकतं? मी काय बिमार हाओ? चकल्या राह्यल्या तश्याच. लिहून टाक ठणठणीत!” बाहेर माझे दोन मित्र सायकलींच्या घंट्या वाजवत होते, आम्हाला निर्गुडेवर पोहायला जायचं होतं. मी वहीत पन्नासावं नाव लिहिलं. वय सत्तावीस. नाडी अठ्ठ्याहत्तर. दोन्ही आवाज स्वच्छ. ही अठ्ठ्याहत्तर मी कुठून आणली ते मला आजही सांगता येत नाही, पेनाला सुचली आणि उतरली. सबंध काम अर्ध्या मिनिटाचं. नदीचं पाणी त्या दिवशी फार छान होतं, तेही आठवतं.

सुट्टी संपल्यावर सरांनी वही चाळली, शेवटी लाल पेन्सिलीनं ‘उत्तम’ लिहिलं आणि मला वॉर्डात घेतलं. माझ्या वाट्याला पहिली रुग्ण आली ती पांढरकवड्याकडची चंद्रभागा, बावीस-तेवीस वर्षांची. चार पावलं चालली की धापा टाकायची, आडवी झाली की गुदमरायची, म्हणून खाटेवर गुडघ्यांत उशी धरून बसलेली असे. सरांनी तिला डाव्या कुशीवर वळवायला सांगितलं, नळीचं टोक हलकेच टेकवायला लावलं आणि म्हणाले, “घाई करू नका. ऐका.” बराच वेळ मला नुसते ठोके ऐकू आले. मग त्यांच्यामधून, शेजारच्या घरात कोणी जातं ओढावं तशी खोल घरघर आली. हृदयाच्या डाव्या भागातली झडप आकसून तिचं दार अरुंद होतं, रक्त पुढे जाऊ शकत नाही, मागे फुप्फुसांत तुंबतं. सरांनी सगळं नीट समजावलं. मग मला म्हणाले, “आता तिला विचारा, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? झडपेची ही खोड त्याच तापातून लागते.” मी विचारलं. ती म्हणाली, “आला होता जी, दोन महिने पडून होती.” मी ते उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. त्या वेळी माझ्या डोक्यात ताई आली नाही. आमच्या घरातलं ते अंथरूण, ते सुजलेले घोटे, काहीही आलं नाही. माझ्या मनानं तिला कधीच पन्नास निरोगी माणसांत नेऊन बसवलं होतं. खोटं मी दुसऱ्यासाठी लिहिलं होतं, पण त्यावर सगळ्यात आधी विश्वास माझाच बसला.

चंद्रभागेची शस्त्रक्रिया मी पाहिली. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडली, हृदयाच्या कानासारख्या टोकाला टाक्यांचं कडं घातलं, मधे छेद दिला आणि सरांनी त्यातून उजव्या हाताचं बोट धडधडत्या हृदयात सरकवलं. आत डोळ्यांना काही दिसत नाही, सगळी मदार बोटावर. सरांनी डोळे मिटून घेतले होते. आम्ही झडपेकडे पाहू शकत नव्हतो म्हणून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मिनिटभरानं तो चेहरा सैल पडला. “सुटली,” ते म्हणाले. आठव्या दिवशी चंद्रभागा एका उशीवर उताणी झोपली होती आणि नर्स तिला दुपारच्या जेवणासाठी उठवत होती. मी भारावून जाऊन ताईला चार पानी पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं, शिक्षिकेच्या टपोऱ्या अक्षरात : ‘वाचून अंगावर काटा आला. हल्ली शाळेचा जिना चढताना माझंही काळीज धडधडतं. पण तुझ्या वहीत मी पास झाले आहे, तेव्हा काळजी नाही.’ मी ते खोलीतल्या मित्राला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं ठरलं. भाऊजी वणीतच मुलांच्या शाळेत गणित शिकवत. सरळ, अबोल माणूस. बघायला आले तेव्हा त्यांच्या आईनं ताईच्या मनगटांकडे पाहून विचारलं, “पोरगी एवढी वाळकी काहून जी? काई दुखणं-बिखणं?” वडील मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “घरात डाक्टर हाय आमच्या! त्यानं नळी लावून पाह्यलं, वहीत लिहून ठेवलं. ठणठणीत!” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. खोटं बोलतो आहे असं त्या क्षणी मला वाटलंही नाही, आणि आता मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. ताईनं मात्र चहाचा ट्रे धरल्याधरल्या माझ्याकडे एकदा बघितलं आणि हसू दाबलं.

तीन वर्षांनी तिला दिवस गेले. मी तेव्हा नागपूरलाच त्याच वॉर्डात कामाला होतो. सातव्या महिन्यात भाऊजी तिला मोटारीनं घेऊन आले तेव्हा ती बसल्या जागी बुडत होती. ओठ निळे, खोकल्यातून गुलाबी फेस. इंजेक्शनं दिली, प्राणवायू लावला, जरा हुशारी आली. मग मी तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बहिणीचं हृदय ऐकलं. जातं. इतकं ठसठशीत की नळी हातात धरता येणाऱ्या कुणालाही ऐकू आलं असतं, त्यासाठी कुठलीही पन्नास माणसं लागली नसती. मी नळी उचलली नाही. ऐकत राहिलो, कारण उचलली की तिच्याकडे पाहावं लागणार होतं.

मूल राहिलं नाही. दोन महिन्यांनी, अंगात थोडी ताकद आल्यावर, सरांनी शस्त्रक्रिया ठरवली. आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या खाटेशी बसलो होतो. ती आपणहून म्हणाली, “तुले वाटे मले गप्पांची लई हौस हाय. अरे, दम घ्याले थांबत होती मी. चालताचालता उभं राह्यलं तं लोक पुसतात, का झालं बाई? मंग मीच आधी त्याईले पुसत होती.” मग मी म्हणालो, “ताई, त्या दिवाळीला मी तुला…” तिनं पुढं बोलूच दिलं नाही. “माहीत हाय मले. नळी माह्याच हातात होती न? मीच उठली. पण ह्याईले नको सांगू. त्याईले वाटते, तू लई मोठा डाक्टर हाय. माह्या माहेरी आता तूच एक उरला, त्याईच्या मनातून उतरू नको.” वडील त्याआधीच्या वर्षी गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाच्या पायथ्याशी उभा होतो. सरांचं बोट आत गेलं, डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. एक मिनिट, दोन मिनिटं. चेहरा सैल पडला नाही. झडपेत चुना साचून ती दगडासारखी झाली होती, बोटानं जेवढी सरकायची तेवढी सरकली, पुढं जोर केला असता तर फाटली असती. सरांनी बोट काढलं आणि टाके घातले. हात धुताना ते म्हणाले, “चार वर्षं आधी हाती लागली असती तर…” आणि वाक्य तिथंच सोडून टॉवेल मागितला. चार वर्षांपूर्वी तिचं नाव त्यांच्याच टेबलावर होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर ती दोन वर्षं जगली, म्हणजे खुर्चीत बसून राहिली. शाळा सुटली. पाय सुजायचे, पोटात पाणी व्हायचं, मी जाऊन इंजेक्शनं द्यायचो, सूज उतरायची, पुन्हा चढायची. दर वेळी थोडी जास्त चढायची. बरं होण्याची भाषा आम्ही तिघांनीही केली नाही. एवढ्या गप्पिष्ट बाईला शेवटी शेवटी वाक्याच्या मधे तीनदा थांबावं लागे. माझी ढाणकीला बदली झाली तेव्हा म्हणाली, “जाय. तिथंबी लोकाईची काळजं… असतीनच.”

तेराव्याला सगळे पांगल्यावर भाऊजी माझ्याजवळ येऊन बसले. एवढा अबोल माणूस, पण त्या दिवशी बोलला. “एक पुसू का? माह्या घरी पानी लांबून आनावं लागे. मायचा सोभाव कडक. मी शाळेतच राह्यत होतो दिवसभर. लोक म्हनतात, सासरी राबून राबून पोरीचं काळीज फाटलं. खरंच असन. आली तवा तं ती चांगली होती न. तुमीच तपासलं होतं. पुढं दम लागाले लागला तरी ती म्हने, माह्या भावानं पाह्यलं हाय, काई नाई मले. म्हून मी निचिंत राह्यलो… म्हंजे जे झालं ते माह्याच घरात झालं न?” मी त्यांच्याकडे पाहत होतो. माझ्या बहिणीला ज्यानं दोन वर्षं उचलून खुर्चीत बसवलं, तो माणूस माझ्यापुढे हात जोडल्यासारखा बसला होता, आणि मी गप्प राहिलो. ताईनं सांगू नको म्हटलं होतं, असं मी स्वतःला समजावलं. तिच्या शब्दाआड लपलो, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी ओट्यावर होतो, तर आतून भाऊजींचा वाचण्याचा आवाज आला. ही त्यांची लग्नापासूनची सवय, हे मला तेव्हा कळलं. ताईला कामातून वाचायला सवड नसे, म्हणून ते दर रविवारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तिला ही पुरवणी पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचून दाखवत, आणि ती फोडणी देतादेता, पुढे खुर्चीतून, मधे मधे शेरे मारी. मी दारात जाऊन पाहिलं. चूल थंड होती, आत कोणी नव्हतं. भाऊजी चष्मा लावून वाचत होते. एक परिच्छेद वाचून झाला की मान वर न करता थोडं थांबत आणि मग पुढचा सुरू करत.

म्हणून हे इथं लिहिलं. तोंडावर सांगायचं धैर्य मला झालं नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. ताईचा शब्द मी मोडतो आहे. यानं काही भरून येणार नाही, हेही मला कळतं. भाऊजी, आज रविवार आहे, तुम्ही उंबऱ्यात बसून हे मोठ्यानं वाचत असाल. तुमच्या घरात तिचं काही बिघडलं नाही. तुमच्या घरी आली तेव्हाच ती आजारी होती. मी तिला तपासलं नव्हतं. …इथं थांबा. नेहमी थांबता तसे, थोडा वेळ थांबा.